माफ्राचा मठ, उडणारा पाद्री आणि ब्लिमुंडा : सारामागोंची कादंबरी इतिहासाशी ताडून कशी वाचावी

ऐतिहासिक कादंबरी वाचून झाली की आपल्याकडे दोन प्रकारचे वाचक दिसतात. एकाला त्यातला प्रत्येक संवाद खरा वाटतो आणि तो पुढे भाषणातही वापरतो. दुसरा 'हे सगळं लेखकाच्या मनचं' म्हणून पुस्तक बाजूला ठेवतो. दोघांचंही नुकसान होतं, कारण इतिहास आणि कल्पना नेमक्या कुठे शिवल्या आहेत हे पाहण्यातली मजा दोघांच्याही हाती लागत नाही. ती सवय लावून घ्यायची असेल तर मी एका पोर्तुगीज कादंबरीचं नाव सुचवेन : जोसे सारामागो यांची १९८२ सालची 'मेमोरियाल दु कोंव्हेंतु', म्हणजे मठाची बखर म्हणा ना. इंग्रजीत ती जोव्हानी पोंतिएरो यांच्या अनुवादात 'बाल्टासार अँड ब्लिमुंडा' या नावाने मिळते. सारामागोंना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. पोर्तुगालमध्ये आणि बाहेर त्यांचं नाव झालं ते मात्र या पुस्तकाने.

गोष्ट थोडक्यात अशी. पोर्तुगालचा राजा दों जुआंव पाचवा याला लग्नानंतर काही वर्षं मूल होत नाही. वारस झाला तर माफ्रा इथे फ्रान्सिस्कन साधूंसाठी मठ बांधीन, असा नवस तो बोलतो. मूल होतं आणि मठ उभा राहू लागतो. त्याच काळात लढाईत डावा हात गमावलेला शिपाई बाल्तासार, उपाशीपोटी माणसांच्या आतलं पाहू शकणारी ब्लिमुंडा आणि आकाशात उडायचं वेड घेतलेला एक पाद्री, असे तिघे मिळून गुपचूप एक यंत्र बांधतात. इतकं माहीत असलं तरी सुरुवात करायला पुरतं. पुढे शेवटाबद्दलही लिहिलं आहे, तेव्हा शेवट स्वतःच गाठायचा असेल तर चौथ्या पायरीपाशी थांबा आणि कादंबरी संपवून परत या.

पहिली पायरी : एकदा नुसती वाचा

पहिल्या वाचनात फोन बाजूला ठेवा. कुठलंही नाव शोधायचं नाही, कुठलं साल पडताळायचं नाही. सारामागोंचं वाक्य लांबलचक असतं. संवादांना अवतरणचिन्हं नसतात, फक्त स्वल्पविराम, आणि बोलणारा कधी बदलला ते कानाने ओळखावं लागतं. पहिली तीस-चाळीस पानं जड गेली तर मोठ्याने वाचा. कुणी ओसरीवर बसून सांगतंय अशी ती भाषा आहे आणि आवाजात वाचली की आपोआप सुटी होते.

एक काम मात्र आधीच करून ठेवा. या कादंबरीतल्या प्रकरणांना क्रमांक नाहीत. पेन्सिलीने १ ते २५ आकडे घाला. पुढे टिपणं काढताना हे आकडे नसले तर 'ते दगडाचं प्रकरण कुठे होतं' म्हणत पानं उलटत बसावं लागतं.

दुसरी पायरी : राजकन्येला घड्याळ करा

कादंबरीत तारखा फार कमी येतात. वर्षं सरकतात ती ऋतूंवरून, मिरवणुकांवरून, बाळंतपणांवरून. कालक्रम हाताशी नसेल तर इतिहासाशी ताडून बघता येणार नाही. त्यासाठी सगळ्यात सोपी खूण म्हणजे नवसाने झालेली राजकन्या मारिया बार्बारा. तिचा जन्म ४ डिसेंबर १७११ चा. जानेवारी १७२९ मध्ये तिचं लग्न होऊन ती स्पेनला गेली. मधल्या प्रसंगांत ती किती वर्षांची दाखवली आहे, त्यावरून बहुतेक प्रकरणांची जागा ठरवता येते.

त्याच्याभोवती पक्क्या तारखा बसवा. जुआंव पाचवा १७०६ मध्ये गादीवर आला आणि १७५० मध्ये वारला. मठाची पायाभरणी १७ नोव्हेंबर १७१७ ची. मठाच्या बासिलिकेचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा, अभिषेक २२ ऑक्टोबर १७३० ला झाला आणि तो राजाचा एक्केचाळिसावा वाढदिवस होता. इथे थांबून एक छोटा हिशोब कराच. बासिलिकेचा अभिषेक रविवारी व्हायला हवा आणि तो आपल्याच वाढदिवशी व्हावा, हा राजाचा हट्ट कादंबरीत सगळ्या घाईचं मूळ म्हणून येतो. फोनवरच्या कुठल्याही जुन्या काळापर्यंत जाणाऱ्या कॅलेंडरमध्ये बघा : २२ ऑक्टोबर १७३० ला खरोखर रविवार होता. त्यानंतर २२ ऑक्टोबरला रविवार आला तो थेट १७४१ मध्ये. हा योग चुकला तर अकरा वर्षं थांबा! देशभरातून माणसं पकडून कामावर का आणली गेली हे त्या एका कॅलेंडरमधून अंगावर येतं. इतिहास पडताळणं म्हणजे काय ते समजायला हे उदाहरण पुरेसं आहे, आणि त्याला ग्रंथालयही लागत नाही.

तिसरी पायरी : वहीत तीन रकाने आखा

दुसऱ्या वाचनाला वही घ्या. पहिल्या रकान्यात 'कागदोपत्री आहे', दुसऱ्यात 'लेखकाचं आहे', तिसऱ्यात 'दोन्हींची सरमिसळ'. पात्रं, प्रसंग, वस्तू, आकडे, जे येईल ते यातल्या एका रकान्यात टाकत जा. सुरुवातीला वाटतं की पहिले दोनच रकाने भरतील. तिसरा सगळ्यात लवकर भरतो.

राजा, राणी मारिया आना, राजकन्या, मठाचा वास्तुशिल्पी लुडविग (पोर्तुगीज कागदांत लुदोव्हिसी) : हे पहिल्या रकान्यातले. बाल्तासार, त्याच्या घरचे, ब्लिमुंडा : हे दुसऱ्या. ब्लिमुंडाबाबत मात्र एक टीप जोडा. माणसाच्या शरीराच्या आत पाहू शकणारी बाई लिस्बनमध्ये आहे, अशी हकीकत त्या काळी तिथे येऊन गेलेल्या एका परदेशी प्रवाशाच्या आठवणींत आहे. म्हणजे ब्लिमुंडा कल्पनेतली असली तरी तिच्या नजरेला त्या शहराच्या बोलण्यात मुळं होती.

तिसऱ्या रकान्यात सगळ्यात आधी पाद्री बार्तोलोमेव द गुझमांव येतो. त्याच्याबद्दल नीट समजून घेतलं पाहिजे, कारण अर्धी कादंबरी त्याच्या खांद्यावर आहे. हा माणूस खरा. ब्राझीलमधल्या सांतुस इथला जन्म, १६८५ चा. १७०९ मध्ये त्याने राजाकडे अर्ज केला की हवेतून जाण्याचं साधन मी शोधलं आहे, त्याचा हक्क मला द्यावा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने दरबारासमोर गरम हवेवर उठणारा कागदाचा छोटा फुगा दाखवला. फ्रान्समध्ये मॉन्गोल्फिए बंधूंचे फुगे उडाले १७८३ मध्ये, म्हणजे हा त्यांच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधीचा. त्याच्या यंत्राचं 'पासारोला' नावाचं एक पक्ष्यासारखं चित्रही तेव्हा युरोपभर फिरलं. पुढे तो हॉलंडला जाऊन आला, कोइंब्रा विद्यापीठात चर्चच्या कायद्याची डॉक्टरेट मिळवली, १७२४ मध्ये स्पेनला पळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तोलेदोच्या इस्पितळात वारला.

एवढं सगळं कागदावर आहे. सारामागोंनी यातलं जवळजवळ काहीच मोडलेलं नाही. चित्रातली पासारोला त्यांनी खरोखर बांधायला घेतली, एवढंच. कागदाचा फुगा आणि तोलेदोचं इस्पितळ यांच्यामध्ये जी वर्षं गुपचूप गेली असतील, त्यांत त्यांनी बाल्तासार आणि ब्लिमुंडाला आणून बसवलं. यंत्र उडतं ते माणसांच्या इच्छाशक्तीवर. मरणाऱ्या माणसाच्या देहातून ती सुटताना ब्लिमुंडा पाहते आणि कुपीत धरून ठेवते. अशा दोन हजार इच्छा जमवायच्या असतात. लिस्बनमध्ये साथ येते तेव्हा ती रस्त्यारस्त्याने फिरून त्या गोळा करते आणि स्वतः आजारी पडते. वही समोर ठेवून हे प्रकरण वाचलं की लेखकाने खऱ्या माणसाच्या चरित्रातल्या रिकाम्या जागा किती काळजीने निवडल्या आहेत ते दिसतं.

संगीतकार दोमेनिको स्कार्लात्तीचंही तसंच. तो १७१९ मध्ये लिस्बनला आला, मारिया बार्बाराला वाजवायला शिकवलं आणि तिच्या लग्नानंतर तिच्यामागे स्पेनला गेला, हे खरं. तो पासारोलेचं गुपित ओळखतो, हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) तिथे आणून वाजवतो आणि ब्लिमुंडाला त्या संगीताने बरं करतो, हे सारामागोंचं. दोन रकान्यांमधली रेघ इथे अगदी बारीक आहे.

चौथी पायरी : दगडाचं प्रकरण भिंगाखाली धरा

सबंध पुस्तक इतक्या बारकाईने वाचायला कुणाला वेळ नसतो. एक प्रकरण निवडा. माझ्या मते ते पेरू पिन्येरू या गावाहून माफ्राला आणलेल्या दगडाचंच असावं.

मठाच्या दर्शनी भागावर, मुख्य दाराच्या वर, जो सज्जा आहे त्याच्यासाठी एक अखंड शिळा खाणीतून आणायची असते. कादंबरीत सहाशे माणसं आणि चारशे बैल आठ दिवस ती ओढतात. चढावर ओढायचं, उतारावर आवरून धरायचं. एका उतारावर फ्रान्सिस्को मार्केस नावाचा गडी गाड्याच्या चाकाखाली चिरडून मरतो. रात्री मुक्कामाला मनुएल मिल्यू नावाचा गडी एका राणीची गोष्ट सांगायला लागतो आणि ती पुढच्या रात्रीसाठी अर्धवट ठेवतो.

आता निवेदकाकडे बघा. शिळेची मापं तो आधी जुन्या विती आणि मणांसारख्या मापांत देतो. मग अचानक म्हणतो की पुढे मीटरची मापं येतील तेव्हा लोक मोजतील आणि त्यांना ७ मीटर, ३ मीटर, ६४ सेंटिमीटर सापडेल, वजन ३१,०२१ किलो. आणि लगेच, एखाद्या वस्तुसंग्रहालयातल्या गाइडच्या आवाजात, पाहुण्यांना पुढच्या दालनात चलायला सांगतो. अठराव्या शतकातल्या धुळीतून उचलून त्याने आपल्याला तिकीट काढून आलेल्या पर्यटकांत नेऊन उभं केलं आहे.

तो आकडा वहीत लिहून गुणाकार करा. ७ गुणिले ३ गुणिले ०.६४ म्हणजे १३.४४ घनमीटर. अशा चुनखडीच्या दगडाचं वजन घनमीटरला सुमारे २.७ टन धरलं तर ३६ टन होतात. निवेदकाचे ३१ टन त्याच्याशी जुळत नाहीत. ते कुठून आले? त्याने दिलेल्या २,११२ आरोबांना (आरोबा हे जुनं पोर्तुगीज वजन) सुमारे १४.६९ किलोने गुणलं की बरोबर ३१,०२१ येतात. म्हणजे हा आकडा जुन्या कागदी वजनाचं रूपांतर आहे, तराजूचा नाही. कादंबरीतला आकडा शेवटच्या किलोपर्यंत नेमका असला म्हणजे तो मोजलेला आहे असं समजू नका. इथे ती नेमकेपणाची ढब गाइडच्या तोंडची आहे. दगडाचं वजन किलोपर्यंत ठाऊक असलेल्या त्या गाइडच्या बोलण्यात फ्रान्सिस्को मार्केसला जागा नाही, आणि हे दाखवण्यासाठीच निवेदक तो आवाज काढतो.

या प्रवासाच्या हकीकतीला लागून आणखी एक पान आहे, त्यावर खूण करून ठेवा. निवेदक म्हणतो की राबणाऱ्या सगळ्यांची आयुष्यं सांगता येणार नाहीत, निदान नावं तरी लिहू. आणि मग वर्णमालेतल्या एकेका अक्षराने सुरू होणारं एकेक नाव तो देतो : आल्सिनो, ब्राश, क्रिस्तोव्हांव असं करत झाकारियाशपर्यंत. ही नावं कुठल्याही हजेरीपटावरची नाहीत. पण प्रत्येक अक्षराला एक माणूस, म्हणजे कुणीच सुटू नये, ही त्यामागची तळमळ आहे. वहीत हे पान कुठल्या रकान्यात जाईल? नावं कल्पित, माणसं खरी. बांधकाम शिगेला पोहोचलं तेव्हा माफ्रावर सुमारे ४५ हजार कामगार आणि त्यांच्यावर नजर ठेवायला सात हजार शिपाई होते, असा आकडा सर्वत्र दिला जातो. एवढ्यांची चरित्रं कुठल्याच दप्तरात नाहीत.

माझं या कादंबरीबद्दलचं म्हणणं एवढ्या एका पानावर उभं आहे. इथे कल्पना इतिहासाला नटवायला आलेली नाही. ज्यांचे कागद उरले त्यांच्याशेजारी, ज्यांचे उरले नाहीत त्यांना बसवायला ती आली आहे. म्हणून रकाने भरताना 'खरं की खोटं' एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक नोंदीपुढे लिहा : याचा कागद कुणी ठेवला, आणि का?

पाचवी पायरी : अधिकृत वर्णन शेजारी ठेवा

माफ्राच्या मठाचं आणि त्याच्या अभिषेकाचं वर्णन करणारा एक ग्रंथ फ्राय जुआंव द सांव जुझे दु प्रादु या साधूने लिहिला, तो १७५१ मध्ये छापला गेला. तो वाचणं आपल्यापैकी बहुतेकांना शक्य नाही, पण त्याची गरजही नाही. माफ्रा २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याची अधिकृत माहिती सहज मिळते. ती पान-दोन पानं वाचा आणि वाक्यांचे कर्ते अधोरेखित करा. राजाने बांधला, वास्तुशिल्पीने आखला, ब्राझीलच्या सोन्याने उभा राहिला. मग कादंबरीतलं कुठलंही बांधकामाचं प्रकरण घेऊन तेच करा. हा व्यायाम कोरडा वाटेल, पण दोन्ही कागद शेजारी ठेवले की बोलायची गरज राहत नाही.

याच पायरीवर नवसाची सुरुवातही परत वाचा. साधू राजाला सांगतो की मठ बांधलास तर मूल होईल, आणि तसं होतं. हा चमत्कार निवेदक सरळ नाकारत नाही. राणीने आपल्याला दिवस गेल्याचं आधी कबुलीजबाबात पाद्र्याला सांगितलं असेल आणि तिथून ते साधूंपर्यंत पोहोचलं असेल, अशी शंका तो सोडून देतो आणि लगेच साधूंना निर्दोष ठरवतो. पुरावा नाही हे त्यालाही कबूल आहे. इतिहासकाराला पुराव्याशिवाय जे लिहिता येत नाही ते कादंबरीकार शंकेच्या रूपात किती हलक्या हाताने ठेवतो, ते या अर्ध्या पानात शिकायला मिळतं.

आणि लग्नासाठी सरहद्दीकडे निघालेल्या मारिया बार्बाराचा प्रसंग चुकवू नका. वाटेत तिला पावसात बांधून नेलेली माणसं दिसतात. ती चौकशी करते तेव्हा कळतं की ती माफ्राला कामावर चालली आहेत. आपल्या जन्मापायी उभा राहणारा तो मठ आपण कधी पाहिलेलाच नाही, हे तिच्या लक्षात येतं.

सहावी पायरी : १७३९ साल मराठी बाजूने उघडा

शेवट असा. अभिषेकाच्या तोंडावर बाल्तासार यंत्राची डागडुजी करायला जातो आणि यंत्र त्याला घेऊन उडून जातं. ब्लिमुंडा नऊ वर्षं पायी फिरून त्याला शोधते आणि तो सापडतो तो लिस्बनमध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाने, जाळायला काढलेल्यांच्या रांगेत. त्याच रांगेत निवेदक आणखी एकाचं नाव घेतो : बाहुल्यांची नाटकं लिहिणारा आंतोनियो जुझे दा सिल्वा. हा माणूस खरा, आणि त्याला ऑक्टोबर १७३९ मध्ये लिस्बनमध्ये खरोखरच जाळलं. कल्पित बाल्तासार खऱ्या नाटककाराच्या शेजारी उभा आहे.

१७३९ हे साल मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने पाठ असतं. त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली आणि फिरंगाण मराठ्यांच्या ताब्यात आलं. तेव्हा लिस्बनच्या गादीवर हाच जुआंव पाचवा होता. कादंबरीत वसई येत नाही. राजा आपल्या दौलतीची उजळणी करतो तेव्हा मकाव, ब्राझील, अंगोला यांच्या बरोबरीने गोवा आणि दीव येतात, तेही हिरे, मोती, दालचिनी, मिरी, गालिचे यांची ठिकाणं म्हणून. गोव्यातही तेव्हा इन्क्विझिशन चालू होतं, १५६० पासून.

वहीत एक पान याला द्या. डाव्या बाजूला माफ्रा, उजव्या बाजूला वसई, आणि साल तेच. घंटांपासून सुरुवात करता येईल. माफ्राच्या मनोऱ्यांसाठी राजाने अँटवर्प आणि लिएजहून घंटांचे दोन संच ओतून आणवले. वसईकडच्या चर्चमधल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घंटा भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही आहेत. मग बखरी, पत्रं, पोर्तुगीज बाजूची पत्रं, यांतून वसईच्या वेढ्यात कुणाची नावं उरली ते काढा. खंदकात, सुरुंगांच्या कामात, ओझी वाहण्यात जे होते त्यांच्यासाठी जागा मोकळी सोडा. सारामागोंची रीत आपल्या इतिहासाला लावून पाहायची तर सुरुवात या मोकळ्या जागेपासून होते.

वेळ कमी असेल तर

तीन बैठकाही चालतील. पहिल्या बैठकीत सुरुवातीची दोन प्रकरणं, नवसाची. दुसरीत दगडाचं प्रकरण आणि नावांचं पान, गुणाकारासकट. तिसरीत मारिया बार्बाराचा सरहद्दीचा प्रवास आणि लगेच शेवटचं प्रकरण. वाचनगटात करत असाल तर रकाने आधी प्रत्येकाने एकट्याने भरावेत आणि मग जुळवून पाहावेत. वाद होईल तो तिसऱ्या रकान्यावर, बहुतेक स्कार्लात्तीपाशी, आणि त्याला पुरेसा वेळ ठेवा.